शेजारच्या सीटवरचा ब्रेक

१४ जानेवारी

चि. मोठीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हे वाच आणि मग श्वास घे: आम्ही चौघंही सुखरूप घरी आहोत. तुझं नवं घर बघायला म्हणून निघालो आणि मध्येच सगळं बारगळलं. तू चौघांचा स्वयंपाक करून खिडकीशी बसली असणार, आणि आमच्याऐवजी छोटीचा तो तुटक फोन आला. ती काय बोलली आणि तू काय ऐकलंस ते देव जाणे, म्हणून सविस्तर लिहितो. शिवाय पोस्टात नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर बातम्या देणं म्हणजे तिच्याच पोटावर पाय देणं.

डोंगर उतरल्यावर पुलाच्या अलीकडे जे वळण आहे तिथे दिवसभर सावली असते. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरला होता. असा बर्फ दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. गाडी छोटी चालवत होती, मी शेजारी होतो. वेग बेताचा होता. मागची चाकं घसरली, गाडीने अर्धी गिरकी घेतली आणि कडेच्या चरात उतरून एका दगडी कठड्याला टेकली. छोटीची यात काडीचीही चूक नाही. माझ्या हाताखाली गाडी शिकलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला याहून वेगळं काही जमलं नसतं, आणि हे मी बाप म्हणून नाही, मास्तर म्हणून लिहितो आहे.

जावईबापू मागच्या सीटवर थर्मासमधून चहा ओतत होते. गाडी फिरली, आपटली, थांबली, पण कपातला चहा कपातच राहिला. या गृहस्थांना गाडी शिकवताना मी तीनदा हात टेकले, आणि त्यांचा हात एवढा स्थिर! आता त्यांना नापास केल्याचं वाईट वाटतं. बिट्टीला सीटचा पट्टा होता, पोरीला ओरखडाही नाही. गाडी थांबल्यावर ती म्हणाली की मजा आली, आणखी एकदा फिरवा.

माझा उजवा घोटा तेवढा मोडला आहे. प्लास्टर घातलंय. डॉक्टरीणबाई विचारत होत्या की पायाने एवढा जोर कशावर दिला होतात. मी त्यांना हवापाण्याचं विचारलं. आता छोटीकडेच मुक्काम आहे आणि सगळे माझ्यावर हुकूम सोडतात. काळजी नसावी.

आशीर्वाद आहेतच. थंडीत कान झाकून हिंडत जा.
तुझे,
बाबा

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुला लिहिलंच असेल, आणि गाडी कठड्याला ‘टेकली’ असंच लिहिलं असेल. ताई, पुढचा दिवा, बंपर आणि एक दार गेलं! गॅरेजवाल्याने गाडी बघून आधी मला खुर्ची दिली. असो. बिट्टी मजेत आहे. आजोबांच्या प्लास्टरवर तिने एक घोडा काढलाय आणि तो गाढवासारखा दिसतो असं तिचा बाप म्हणाला, तर दोन दिवस त्याच्याशी कट्टी होती.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. सगळे माझं कौतुक करताहेत. पोलीस म्हणाला की बर्फावर ब्रेक दाबला नाहीत, फार शहाणपणाचं केलंत, नाहीतर गाडी थेट नदीत गेली असती. बाबाही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात. ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण ते शहाणपण नव्हतंच. गाडी घसरली आणि मी पाय वर उचलले, स्टिअरिंगवरचे हातही सैल सोडले, आणि वाट बघत बसले. कशाची, सांग बघू? बाबांच्या ब्रेकची.

आठवतं ना तुला, त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक होता, मास्तरसाठी? मी त्याच गाडीत शिकले. चाळिशी आली, रोज गाडी चालवते, पण वेळ आली तेव्हा मी बाबांच्या पायाकडे बघितलं. आणि त्यांनी दाबला गं! सगळा जीव एकवटून दाबला. पण माझ्या गाडीत तिथे नुसती चटई आहे. त्यांचा घोटा असा मोडला. मागे माझी पोर बसली होती, आणि ती गाडी तेवढा वेळ कोणीच चालवत नव्हतं.

गाडी परवा दुरुस्त होऊन आली. किल्ली खुंटीवर आहे आणि मी तिच्याकडे बघत नाही. दवाखान्यात कामाला बसने जाते, कोणी विचारलं तर मान दुखते असं सांगते. बर्फ वितळला की डोंगरावरच्या वस्त्यांची फेरी माझ्याकडे येणार आहे. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी, औषधं, दोन गप्पा. या कामासाठी मी किती वर्षं मागे लागले होते ते तुला माहीत आहे. पण गाडीशिवाय ती होत नाही. आमच्या मोठ्या नर्सबाईंनी परवा हळूच विचारलं की जमत नसेल तर दुसरीला देऊ का, तुम्ही खाली नोंदणीच्या टेबलावर बसा. मी विचार करून सांगते म्हणाले. ताई, टेबलावर बसायला लागले तर मी जाडी आणि खाष्ट होईन, आणि मला यातलं एकच परवडेल.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांना वाटतं मी शूर आहे.

माया आहे तशीच राहू दे, आणि उत्तर लवकर टाक.
तुझी,
छोटी

१९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं दुसरं पत्र मिळालं. प्लास्टर निघतंय हे वाचून बरं वाटलं, घोड्याचं वाईट वाटलं. इथे सगळं छान आहे. नव्या घराच्या स्वयंपाकघरातून पाणी दिसतं, आणि नव्या साहेबांचं अक्षर इतकं वाईट आहे की त्यांनी स्वतःला पाठवलेलं पत्रही परत येईल. तुमच्यासाठी आणलेल्या नव्या उशांवर सध्या शेजाऱ्यांचं मांजर झोपतं.

आता कामाचं. तुम्ही लिहिलंत की छोटी अलीकडे गाडीला हात लावत नाही, तेव्हा पाय बरा झाला की रोज सकाळी तिच्या शेजारी बसून सराव घेणार. बाबा, तेवढं करू नका. छोटीने मला काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे.

तुमच्या शिकवणीच्या गाडीत मागे बसून मी शाळेचा आणि पुढे कॉलेजचा अभ्यास करायची. त्यामुळे तुम्ही कसं शिकवता हे मला तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. बाहेरचा कोणी चुकला की तुम्ही थांबायचात. चूक पुरती होऊ द्यायचात, त्याला घाम फुटू द्यायचात, आणि अगदी शेवटी ब्रेक. मला तर तुम्ही खुशाल कुंपणात जाऊ दिलंत आणि वर म्हणालात की कुंपण चांगलं आहे, बाहेर ये. पण छोटी शिकायला बसली की तुमचा पाय ब्रेकवरून हलायचा नाही. ती चुकायच्या आत गाडी थांबलेली असायची. आई गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला वाटायचं, ती लाडकी आहे आणि मी सावत्र. मग मोठी झाल्यावर कळलं की तुमच्यात आणखी काही गमावण्याची ताकद उरली नव्हती.

राग मानू नका. चाळीस वर्षं नोकरी करून तुम्ही निवृत्त झालात, आता पायालाही निवृत्त करा. तिने बोलावलं तरी शेजारी बसू नका. तिला भीती वाटू द्या. तुम्हालाही वाटेल, ती मला लिहून कळवा, मी वाचेन.

थोरपणी क्षमा करावी, आणि मुलगी आगाऊ असली तरी आपलीच आहे हे विसरू नये.
तुमची,
मोठी

११ मार्च

चि. मोठीस,
आशीर्वाद. (किती, ते पुढे वाचून ठरवीन.)

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. जावईबापूंना वाटलं भाजीत मीठ जास्त झालं, म्हणून त्यांनी पुढचे दोन दिवस अळणी रांधलं. तेव्हा तुझ्या आगाऊपणाची शिक्षा सगळ्या घराने भोगली आहे.

छोटीने तुला काही सांगितलं नाही, ठीक. तिने मलाही काही सांगितलेलं नाही. पण मोठे, गाडी घसरली तेव्हा मी रस्त्याकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. तिने माझ्या पायाकडे कसं बघितलं ते मी पाहिलं आहे. आपल्या गैरहजेरीत तिचं काय होईल, हे बापाने जिवंतपणी आणि शेजारी बसून बघितलं. घोटा त्यापुढे काहीच नाही. म्हणूनच सराव घ्यायला निघालो होतो. रोगावर औषध म्हणून रोगच पाजायला निघालो होतो, असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

आता गेल्या मंगळवारची हकिगत. बर्फ बराच वितळला आहे, पण वरचे रस्ते ओले आहेत. सकाळी वस्तीवरची बस आलीच नाही. वर एक म्हाताऱ्या शाळामास्तरीण राहतात, पायाची जखम भरत नाही, एक दिवसाआड पट्टी बदलावी लागते. छोटी बसथांब्यावरून परत आली, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली की बाबा, नुसते शेजारी बसायला या, काही करू नका, बोलूही नका. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी काठी हातात घेऊन उठलोच होतो. मग तुझं पत्र आठवलं आणि मी पुन्हा बसलो. पाय दुखतोय म्हणालो.

ती म्हणाली की काल याच पायाने तुम्ही बिट्टीबरोबर लंगडी खेळलात. मी म्हणालो, म्हणूनच दुखतोय. ती रडली. मग चिडली. मोठ्या मुलीच्या घरी जायचं असतं तर पाय दुखला नसता म्हणाली, दुष्टही म्हणाली. मी ऐकून घेतलं. शेवटी तिने औषधांची पिशवी उचलली आणि दार असं आपटलं की कॅलेंडर खाली पडलं. बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी खिडकीपाशी गेलो नाही. गेलो असतो तर हाक मारली असती.

जावईबापूंनी त्या दिवशी ग्रंथालयात उशिरा येतो असं कळवलं आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. वाचणाऱ्याचं लक्ष नव्हतं, ऐकणाऱ्याचंही नव्हतं. एक पान त्यांनी दोनदा वाचलं आणि आम्हा दोघांनाही ते नवीन वाटलं. दुपार कलल्यावर ती आली. गाडी चिखलाने माखली होती. बाईंची जखम सुकते आहे म्हणाली आणि खायला काय आहे विचारलं. मी रस्त्याचं विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. ती जेवत होती आणि मी बघत होतो.

त्यानंतर ती रोज जाते. फेरी तिलाच मिळाली आहे. माझ्याशी अजून मोजकंच बोलते, पण काल माझ्या चहात साखर घातली, तेव्हा निवळेल. तुझ्या म्हणण्याप्रमाणे भीती लिहून कळवतो: वाटते. ती बाहेर पडली की परत येईपर्यंत वाटते.

आशीर्वाद अनेक आणि उत्तम. शहाणी आहेस, पण हे सगळ्यांना दाखवू नकोस.
तुझे,
बाबा

२९ मार्च, दुपार
तुझ्याच दारात

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दाराखालून सरकवते आहे. तिकीट लावलेलं नाही, दंड भरायला तयार आहे. उद्या येतो म्हणून कळवलं होतं, पण हवा छान होती आणि बिट्टी पहाटेच बूट घालून बसली, तेव्हा आजच निघालो. तू अर्थातच कामावर. शेजारच्या बाईंनी खिडकीतून सांगितलं की तू संध्याकाळी येतेस. त्यांचं मांजर माझ्या गाडीच्या टपावर बसलं आहे. पोस्टात येऊन तुला गाठता आलं असतं, पण त्यासाठी गाडी सुरू करावी लागेल आणि ते मला करायचं नाही. का, ते सांगते.

निघताना मी शेजारचं दार उघडून धरलं होतं. बाबा त्याच्यासमोरून गेले आणि मागे जाऊन बसले. जावयाला म्हणाले की नकाशा तुम्हाला वाचता येतो, पुढे तुम्ही बसा. त्या मंगळवारचा राग माझ्या मनात अजून थोडा होता, खोटं कशाला सांगू. डोंगर उतरायला लागलो तशी माझी पाठ ताठ झाली. पुलाचं वळण जवळ आलं. आता मागून सूचना येणार, निदान खाकरणं तरी येणार, म्हणून आरशात बघितलं.

ताई, ते झोपले होते. मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं. आपण लहानपणापासून त्यांच्याबरोबर गाडीतून हिंडलो, दुसरा कोणीही चालवत असताना त्यांनी डोळा मिटलेला तू पाहिलास का? बसमध्येसुद्धा ते ड्रायव्हरवर नजर ठेवून बसतात. मला वाटलं नाटक आहे, मला धीर यावा म्हणून. बिट्टीला खूण केली, तिने त्यांच्या नाकावर बोट ठेवून बघितलं. ते घोरायला लागले. वळण मीच घेतलं. पूल गेला, नदी गेली, आणि मी इतकी रडत होते की नवऱ्याने नकाशा सोडून रुमाल धरला.

आता गाडी तुझ्या फाटकासमोर उभी आहे. ते अजून झोपलेच आहेत, घोरणं इथपर्यंत ऐकू येतंय. आम्ही तिघं बाहेर पायरीवर बसून कुजबुजत बोलतोय. भूक लागली आहे, थंडीही वाजते आहे, पण त्यांना उठवायचं नाही असं ठरलं आहे.

तू आलीस की फाटक हळू उघड. बाकी प्रेम आहेच, ते आता समोरासमोर देऊ.
तुझी,
छोटी