जिनिंगच्या कचऱ्यात आई

आदरणीय सोमेश्वरभाऊ,

राजूरहून वसंताचा मनापासून रामराम. वहिनींची तब्येत, तुमची जिनिंगमधली नोकरी, सगळं बराबर असंल. आमचंही बरं आहे, फक्त माझी छाती अजून धडधडून राह्यली. कारण आमच्याकडं आलेल्या तुमच्या मातोश्री.

तुम्ही जिनिंगचा कचरा टेम्पो भरून पाठवला (कापसाची टरफलं, फुटकी सरकी अन् धूळच धूळ; उतरवताना सगळी गल्ली शिंकत होती). मोसंबीला खत करावं म्हणून मी गोठ्यामागं ढीग लावला, शेणकाला ओतला, पाणी मारलं. हप्त्याभरात ढीग तापला, वाफा निघाल्या. मी खूष. सकाळी पलटायला दाताळं घेऊन गेल्तो, तर वाफेत एक डोकं दिसलं. नुस्तं डोकं, पदर घेतलेलं! भाऊ, मी अशी बोंब ठोकली की म्हशीनं दावं तोडलं. तेवढ्यात डोकं बोललं, "वरडू नका जावाईबापू, गुडघे शेकून राह्यले." खालच्या अंगाला, ढीग कोमट असतो तिथं खळगा करून, गोणपाट गुंडाळून आई कमरेपर्यंत आत!

शीतलला बोलावलं. वाटलं, बायको तरी हादरंल. ती मलाच म्हणली, "आईच्या अंगावर दाताळं घेऊन गेलातच कसे?"

ढीग पलटला न्हाई तर खत कच्चं राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो. तर चार डोकी! शेजारच्या सत्यशीलाकाकूंनी चहाची किटलीसुद्धा आणल्ती. मी हात जोडले, "काकू, उठा, ढीग पलटायचाय."

"पलटा की, आमची बाजू सोडून," त्या म्हणल्या. (चार बाया, चार बाजू.)

मंग रविवारी तर कहरच झाला. दोन वर्षं भिंत धरून न्हाणीपर्यंत जाणाऱ्या आई काठीबिगर गणपतीला जाऊन आल्या. शीतल रडली. मी पण, जरासा. मोसंबीला शेवटी विकतचं खत टाकलं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना पापे.

तुमचा, अजून न सावरलेला,
वसंता

ता. क. आईंना न्यायला बिलकुल येऊ नका. ढीग निवत चाललाय, कचऱ्याचा अजून एक टेम्पो जल्दी पाठवा.

ता. क. (फक्त तुमच्यापुरतं) एक न्हाई, दोन पाठवा. माझी कंबर धरलीय, अन् बाया मला ढिगाजवळ फिरकू देत न्हाईत. दुसरा टेम्पो परस्पर शेतात उतरवा. आईंना कळालं तर त्या तिथंही येऊन बसतील.