चिंचेने न निघालेला थर

शहादा, मंगळवार, १९६४

मन थाऱ्यावर नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत महिनाभर खपलो. काचेच्या नळीतली हवा ओढून, बेंझिनची वाफ सोडून आत वीज खेळवली, तेव्हा कुठे तांब्याच्या पट्टीवर तो तपकिरी थर बसला. आज पाहतो तर आमचे शिपाई दगाभाऊ तीच पट्टी चिंच-राखेने घासत बसलेले. मी त्यांना नको ते बोललो. ते खाली मान घालून म्हणाले, "सर, तास व्हयना घासी ऱ्हायनू, पन डाग जातच नही."

पट्टी पाहिली. कडा लखलखीत, थर जसाच्या तसा. तो पट्टीला किती घट्ट धरून राहतो, हेच तर मला तपासायचं होतं.

आत्ता प्रयोगवहीत लिहिलं, 'चिंच व राखेने तासभर घासले, थर टिकला.' कोणी घासलं, तिथे पेन अडलंय.