मागे कोण राहिलं?

आईला आणि चालत्या-फिरत्या घरातल्या सगळ्यांना,

पत्र लोकरवाल्याच्या दुकानावर पाठवतेय. तळ कुठंही असला तरी लोकर विकायला तिथं याल. दादा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

आई, कवितेच्या स्पर्धेत मी पहिली आले!

मंचावर निवेदकाने विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, "मेंढ्या बसतील ते." लोक हसले. मग मला चेवच चढला.

तळ हलवताना तू मागे वळून ओरडतेस ना, "मागे कोण राहिलं?" आणि सगळ्यांनी "कोणी नाही!" म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाहीस. प्रत्येक कडव्याच्या शेवटी मी तुझी तीच हाक आणि आपलं उत्तर ठेवलंय. दुसऱ्या कडव्याला पुढची रांग माझ्याबरोबर बोलू लागली. शेवटच्या कडव्याला अख्खं सभागृह गरजलं, "कोणी नाही!" आई, आपल्याला वेशीच्या आत टेकू न देणारे लोक आपल्या तळावरच्यासारखे ओ देत होते गं!

कॉलेजजवळची खोली चांगली आहे. वेळेवर जेवते. भिंतींमध्ये झोप जरा उशिरा येते, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे? लंगडी मेंढी अजून तूच खांद्यावर घेतेस का? दादा काय करतो मग?

आता तळ हलवशील तेव्हा माझ्या आठवणीने अडखळू नकोस. दणकून सांग सगळ्यांना, धाकटी मागे राहिलेली नाही, चारा बघायला पुढे गेलीय.

तुझ्याच आवाजाची,
धाकटी