मागच्या गोठ्याचं माप

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे ती जर्मनीतल्या एका छोट्या राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या पायऱ्यांवर. डार्मश्टाटपासून तासाभरावरचं हे गाव एकेकाळी दोन संस्थानांच्या सीमेवर होतं आणि जनावरांच्या बाजारावर जगत होतं. तुम्हाला इथे आणलं असतं, तर तुम्ही आधी चहा मागितला असता आणि मग दिवसभर कुणाशी बोलला नसता. समोरचा फीहमार्क्ट, गुरांच्या बाजाराचा चौक, एवढ्याशा गावाला फारच मोठा वाटतो, पण कळप वळवायचा तर तेवढी जागा हवीच. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांचे कोने छातीच्या उंचीपर्यंत छाटलेले आहेत, जनावरं घासून जाऊ नयेत म्हणून. जुन्या खानावळींच्या कमानींतून गवताने भरलेली गाडी सहज आत जाईल. त्यातल्या एकीत आता चष्म्याचं दुकान आहे. दोन वाजता वर बांधकाम समितीची बैठक आहे. चौकातली एक जुनी खानावळ पाडून तिथे पार्किंग करायचं की नाही, हे तीत ठरेल, आणि ते ठरेल मी काढलेल्या नकाशावरून. तो नकाशा खोटा आहे, सर.

खानावळीचा पुढचा भाग मी नीट मोजला. अंगणापलीकडच्या गोठ्याला मात्र कुलूप होतं, भाडेकरू गावाला गेलेला, आणि रिपोर्ट द्यायला दोन दिवस उरले होते. अंगणातून बघितलं तर दोन्हीकडे तोच गिलावा, त्याच खिडक्या. मग मी पुढच्या भागाचं चित्र स्क्रीनवर उलटवलं, मागे बसवलं आणि खाली लिहून टाकलं, की सगळं जागेवर जाऊन मोजलं आहे. पुढचा भाग फारसा जुना नाही, म्हणजे मागचाही नसणार, म्हणजे वारसा-संरक्षण लागू नाही, म्हणजे पाडायला हरकत नाही. सगळं कसं सुरळीत जुळलं. गेल्या गुरुवारी फोटो काढायला गेले, तर भाडेकरू सामान हलवत होता आणि गोठ्याचं दार सताड उघडं होतं. आत गिलावा नव्हताच. जाड लाकडी चौकट, तुळयांवर सुताराने जोडणीसाठी कोरलेल्या खुणा, आणि भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर ओळीने लोखंडी कड्या. सीमा ओलांडायची परवानगी मिळेपर्यंत जनावरं इथे बांधून ठेवत असणार. पुढच्या खानावळीपेक्षा, कदाचित अख्ख्या चौकापेक्षा हा गोठा जुना आहे. मी तिथेच एका उलट्या बादलीवर बसले आणि मला तुमचा भयंकर राग आला.

कारण हे सगळं एकदा होऊन गेलं आहे. निजामाच्या जुन्या हद्दीवरचं ते बैलबाजाराचं गाव, आमच्या आर्किटेक्चर कॉलेजचा मोजणीचा कॅम्प, डोक्यावर ऊन. बाजारपेठेतल्या दुकानांची जोती कमरेएवढी उंच, मधोमध जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणी, आणि रस्त्याच्या टोकाला जकातीचा नाका. तुम्ही त्या नाक्याचं माझं शीट हातात घेता. "उजवीकडे किती खण?" पाच, सर. "आणि डावीकडे?" पाच. "चल." तुम्ही टेपचं टोक माझ्या हातात देता आणि सगळ्या वर्गासमोर मला डावीकडे चालवत नेता. तिथे सहा खण असतात. सहावा इतका अरुंद, की एका वेळी एकच बैल जाईल. "इथून एकेक जनावर सोडायचे म्हणून हा नाका, आणि तू नेमका तोच खण खाल्लास," तुम्ही म्हणता. मी पुटपुटते, चूक झाली सर. "चूक झाली असती तर हसलो असतो मी. तू बघितलं नाहीस आणि बघितलं म्हणून लिहिलंस." आवाज चढवला नाहीत. उलट परत येताना मला उसाचा रस पाजलात, त्याचा मला जास्त राग आला. तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा मी पुण्यातच होते, तुमच्या घरापासून दोन चौकांवर. आले नाही. आज त्याची लाज वाटते.

शुक्रवारी सकाळीच मी आमच्या शेफिनला, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आल्झो, तर मग, मंगळवारच्या बैठकीत तुम्ही बोलायचं नाही, मी बोलेन. दुरुस्ती आपण नंतर पाठवू." नंतर म्हणजे पाडायची परवानगी निघाल्यावर, हे दोघींनाही कळत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "अगं, प्रोबेत्साइट, प्रोबेशन चालू आहे तुझं. दोन आठवड्यांची नोटीस देऊन काढतील. चार वर्षं घरी बसल्यावर मिळाली ना ही नोकरी?" त्याचं काही चुकत नव्हतं. दोनला पाच कमी आहेत, शेफिन गाडी लावून येताहेत. जाते.

आता साडेतीन झालेत आणि मी पुन्हा त्याच पायऱ्यांवर आहे. शेफिन छान बोलल्या. माझा नकाशा भिंतीवर मोठा करून दाखवला, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. माना डोलत होत्या, अगदी बरोबर अशा अर्थाचं "गेनाऊ, गेनाऊ" चाललं होतं, अध्यक्षांनी मतदानाचा कागद पुढे ओढला. मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले होते. तेवढ्यात टोकाला बसलेले समितीतले एक आजोबा, पूर्वी इथे गुरांचे डॉक्टर होते म्हणे, चष्मा पुसत म्हणाले, "मागचा गोठा तुम्ही स्वतः मोजलात का?" शेफिननी माझ्याकडे बघितलं. मी नाइन म्हणाले, नाही. मग मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कुलूप, कड्या, सुताराच्या खुणा, सगळं सांगितलं. एरवी बरं बोलते, आज एक वाक्य धड येईना. निर्णय पुढे ढकलला आहे, गोठा नव्याने मोजायचा आहे, अर्थात दुसऱ्या कुणीतरी. शेफिन "उद्या नऊला भेटा" एवढंच म्हणाल्या आणि मला न घेता निघून गेल्या.

नवऱ्याला फोन केला. त्याला मी म्हटलं, की मी उभी राहिले आणि खरं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." एवढंच ऐकून तुम्हीही तेच म्हणाला असता, आणि हे वाचून तुमच्या घरचेही म्हणतील, म्हणून हे कागद तुमच्या घरच्या पत्त्यावर मी पाठवणार नाही. कारण मी उभी राहिले नव्हते, सर. त्या आजोबांनी विचारलं नसतं, तर मी गप्प बसले असते.