हिरवी खूण, लाल ओळ

प्रिय ठमे,

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात लिहितेय. एकाच घरात राहून लेकीला पत्र लिहिणारी आई तू पाहिली नसशील. पण तुझ्यासमोर बसून हे सांगायचं धाडस मला होत नाही.

माझं ऑफिसातलं काम तुला माहीत आहे. गिऱ्हाईक ओरडतं, पान उघडत नाही. ब्राउझरवाले सर्व्हरवाल्यांकडे बोट दाखवतात, सर्व्हरवाले ब्राउझरकडे. मग मी दोघांच्या मधे एक प्रोग्राम बसवते आणि कोणी काय मागितलं, कोणी काय उत्तर दिलं, ते ओळीनं वाचते. मागे तुझे व्हिडिओ अडकत होते, तेव्हा तोच तुझ्या कॉम्प्युटरवर बसवला. बिघाड चुटकीसरशी सापडला. प्रोग्राम काढायचा राहून गेला, असं म्हणता आलं असतं. पण राहून गेला नाही गं, मी तो ठेवला.

ऑफिसात कुणी गिऱ्हाइकाचा खासगी मजकूर वाचला तर मी त्याची बिनपाण्यानं करते. घरी मात्र रोज माझ्या खोलीत बसून माझ्या कॉम्प्युटरवर तुझं सगळं वाचत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्यातच तुझा त्या लांबच्या कॉलेजचा अर्ज दिसला. तुझे बाबा गेल्यापासून आपण दोघीच, आणि तू मला न सांगता निघाली होतीस. रागानं पुढे वाचत गेले. अर्जात घराबद्दल तू लिहिलं होतंस, आई विचारल्याशिवाय माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. ते वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी वाचायची थांबले नाही.

आता खरं सांगते. अर्ज पाठवल्यावर तुझ्या पडद्यावर हिरवी खूण आली, ‘अर्ज मिळाला’. माझ्या प्रोग्राममध्ये लाल ओळ आली. फोटो फार मोठा म्हणून सर्व्हरनं अर्ज नाकारला होता, आणि कॉलेजच्या पानानं ते तुला सांगितलंच नाही. तू गुणगुणत स्वयंपाकघरात आलीस, माझ्या गळ्यात पडलीस. मी गप्प राहिले. ठमे, मला बरं वाटलं होतं. तू आता कुठं जात नाहीस म्हणून आईला बरं वाटलं.

अर्जाची शेवटची तारीख आज आहे. फोटो लहान करून पुन्हा पाठव. प्रोग्राम मी काढलाय, पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मैत्रिणीच्या घरी जा आणि तिच्या कॉम्प्युटरवरून पाठव.

तोंड लपवून बसलेली, तरी तुझीच,
आई