सासऱ्यांच्या नावाचा घोडा

नारिन, शनिवार

ती. तोलोगोनदादास,

बुरुलचा सलाम. मॉस्कोच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? गोदामात पेट्या उचलताना कंबरेला पट्टा बांधतोस ना? इकडे सगळी माणसं आपापल्या पायांवर उभी आहेत, तेव्हा ठीकच म्हणायचं.

गेल्या वर्षी सासरे गेले आणि आम्ही त्यांना मोठ्या इतमामाने, सगळं उसनं काढून, पोचवलं. मयतीच्या जेवणाला घोडा कापला, सातव्या दिवशी दोन मेंढ्या, चाळिसाव्याला पुन्हा घोडा. कर्ज दोन लाख ऐंशी हजार सोम. मी बालवाडीत रांधून जे कमावते त्यातून हप्ता गेला की उरल्या पैशात पीठ येतं किंवा कोळसा येतो. दोघांची आमच्या घरात गाठ पडत नाही.

म्हणून मी काटकसर काढली. आधी एसेनगुलच्या सिगारेटी बंद केल्या. (तुझे मेहुणे आज्ञाधारक आहेत, तेवढंच सुख.) ते सूर्यफुलाच्या बिया चघळू लागले, महिनाअखेर बघते तर बियांचा खर्च सिगारेटींच्या वर. मग टीव्ही विकला. भिंत रिकामी दिसताच आमचं काही खरं नाही असं गल्लीभर झालं आणि अकरा शेजारणी पोरांसकट धीर द्यायला आल्या. धीर द्यायला आलेल्यांना चहा, लोणी, जर्दाळूचा मुरंबा द्यावा लागतो, आणि धीर फार वेळ चालतो. टीव्हीचे पैसे त्यातच संपले. शेवटी गाय विकली. त्यावर मला काही गंमत सुचत नाही. ती गाडीत चढेना. एसेनगुलनी तिच्या पाठीला कपाळ टेकवून तिला ढकललं आणि मग तासभर रिकाम्या गोठ्यात काहीतरी शोधत राहिले.

गायीने निम्मं कर्ज फेडलं, तोच तोक्तोबोलोतकाका हजर. सासऱ्यांचे धाकटे भाऊ. (मानाच्या जागी बसायला यांना कधी बोलवावं लागत नाही.)

"वर्षाच्या जेवणाला घोडा पाहिजे," ते म्हणाले. "दोनशे माणूस येईल."

"कशातून, काका?" मी विचारलं. (सुनेने थोरांत बोलायचं नसतं; चहा ओतता ओतता निसटलं.)

"कर्ज काढा. सगळेच काढतात. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. हप्ता भरतील का?"

"एसेनगुल, बायकोला आवर रे!"

एसेनगुल चहाच्या वाटीत बघत बसले. तेव्हा वर्षभर 'हं'च्या पुढे न गेलेल्या माझ्या सासूबाई बोलल्या.

"त्यांना बिश्केकच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. गाडीभाडं मागायला मी तुझ्या दारात आले होते. नाहीत म्हणालास. एका घोड्याच्या पैशात दहादा जाऊन आले असते रे."

कोणी चहा प्यायलं नाही. काकांनी टोपी घातली, काढली, परत घातली आणि निघून गेले.

जेवणाच्या दिवशी मी आणि सासूबाईंनी पिठाचे बोरसोक तळले. चहा, बोरसोक, प्रार्थना, बस्स. चाळीसच माणसं आली. दोघंतिघं शेवटपर्यंत मांसाच्या आशेने दाराकडे बघत होते. मी लाजेने मान वर केली नाही. जाताना कोपऱ्यावरच्या आजोबांनी मात्र मला बाजूला घेतलं. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "आमच्या पोरांनाही एकदा समजाव. माझ्यामागे त्यांनी बुडू नये."

काळजी घे. जेवत जा.

तुझी धाकटी,
बुरुल

ता. क. काका बाजारात मला पाहिलं की कोबीच्या ढिगाआड होतात. सहा हप्ते उरलेत. पैसे पाठवू नकोस, आमचं आम्ही निभावू.

आणखी एक. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुझा फोन येतो तो मी माहेरी असताना, आणि आपली आई माझ्या खांद्याला कान लावून असते, म्हणून पत्र. परवा तिची पेटी आवरताना रजयांखाली ब्याण्णव हजार सोम सापडले. तू औषधाला पाठवतोस ते. रक्तदाबाची एकही गोळी तिने मार्चपासून घेतलेली नाही. "माझा घोडा मीच घेऊन ठेवते, तुम्हां पोरांना कर्ज नको," म्हणते. मी सासरी दिलेली लेक, माझं ऐकत नाही. दादा, तू मुलगा आहेस. पत्र मिळताच तिला फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने सांग, की आई, तुझ्यामागे मी घोडा कापणार नाही. ती रडेल, शिव्या घालेल. तू फोन ठेवू नकोस.