मधली रेघ

१९ जानेवारी १९९६
धाकट्या जावेला, सुलूला घेऊन बोईसरच्या सोनोग्राफीवाल्याकडे गेले. पडद्याकडे बघता बघता डॉक्टर यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवू लागले. मग मला एकटीलाच आत बोलावलं. ते बोट ठेवायच्या आधीच मला दिसलं होतं — मेंदूचे दोन भाग झालेलेच नाहीत. सहावा महिना. आता काढताही येत नाही.

पालघरच्या कॉलेजात इतकी वर्षं मी हेच तर करतेय. कोंबडीच्या अंड्यातला इवलासा गर्भ. मेंदूच्या खाली पेशींची बारीक पट्टी असते. तिथून निरोप निघाला की वरच्या पेशींना कळतं, मधोमध रेघ पडायची आहे — एका डोळ्याचे दोन, एका मेंदूचे दोन. पट्टी कापली की निरोप जात नाही. एकच डोळा. पिल्लात हे मी मुद्दाम घडवते.
रिक्षात सुलू विचारत होती, नाक कोणावर गेलंय, दिसलं का?

२१ जानेवारी
घरात सांगितलं. सुलूच्या नवऱ्याला, बन्सीला आधी. ऐकून घेतलं आणि पाळी नसताना कारखान्यात निघून गेला. बायकोकडे पाहिलंही नाही.
सासूबाई म्हणाल्या, दिवाळीतल्या ग्रहणात सुलू विळीवर बसली होती, मी ओरडत होते.
मी समजावलं. ही रेघ पहिल्या दीड महिन्यातच पडते, धड कळायच्या आत. ग्रहण लागलं तेव्हा तिला तिसरा महिना होता. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी.
"तुझं कोंबड्याचं हाय. हे मानसाचं हाय."

४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत गेले नाही. अंडी तशीच.

११ मे
सुलू बाळंत झाली. मुलगी. संध्याकाळपर्यंत श्वास चालू होता. नर्सनं चेहरा झाकून ठेवला होता.
"दाखवा," सुलू म्हणाली. "माझी आहे ती."
मी फडकं बाजूला केलं. तिनं बराच वेळ पाहिलं. डोळे वळवले नाहीत. मग इवल्या मुठीत स्वतःचं बोट दिलं. हाताला काही झालेलं नव्हतं. नखंसुद्धा नीट.

१२ मे
पुरून आल्यावर बन्सी दारातच बसला आणि तोंड उघडून रडला. तेव्हा दिसलं — वरच्या पुढच्या दोन दातांच्या जागी एकच दात. रुंद, बरोबर मधोमध. इतकी वर्षं त्याला जेवायला वाढतेय! मिशा, त्यात ओठ मिटून हसायची सवय.
वाचलंय मी हे. ज्या घरात अशी मुलं होतात तिथं एखाद्याला एवढीच खूण असते. निरोप जरासाच कमी पडलेला. माणूस धडधाकट. पुढे मुलांत मात्र उतरू शकतं.

१९ मे
सासूबाईंनी ठरवलंय — सुलूला जालन्याला माहेरी पोचवायचं, बन्सीचं दुसरं बघायचं. बन्सीची मान खाली. माझा नवरा रामकिसन म्हणतो, आईच्या मध्ये पडू नकोस.
सांगितलं तर दोष नुसता इकडून तिकडे सरकेल. नाही सांगितलं तर उद्या दुसरी कोणाची तरी पोर त्याच खाटेवर.

२० मे
सांगितलं. सगळ्यांसमोर. दोष हा शब्द वापरला नाही. रक्तातून येतं म्हणाले, कोणी केलेलं नसतं म्हणाले.
सुलूनं भरलेली पिशवी सोडली आणि एकेक पातळ परत दोरीवर टाकलं. मग सासूबाईंना विचारलं, "आता ह्यांना कुठं पाठवणार?"
आवाज चढवला नाही. बन्सी उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

२१ मे
सासूबाईंनी अबोला धरलाय.

२६ मे
आज पाणी भरताना सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.
"माझं पैलं असंच व्हतं. रामकिसनच्या आधीचं. सुईणीनं दावलं न्हाई, पर मी बघितलं."
त्यांच्या सासूनं वर्षभर त्यांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. हे त्या आजवर कोणाजवळ बोलल्या नव्हत्या — नवरा हयात असताना त्याच्याजवळसुद्धा नाही. नळ वाहत राहिला. मी त्यांचा हात धरला.
मग त्यांनी विचारलं, म्हणजे दोन्ही लेकरांत असेल का? खोटं बोलवेना. म्हणाले, रामकिसनमध्ये असेल, नसेलही. खूण दिसत नाही म्हणून नाहीच, असं नसतं.

३ जून
दिवस गेलेत मला. सासूबाईंचं बोलणं रामकिसनला अजून सांगितलेलं नाही. तो पेढे आणायला गेलाय.